पांढरीवर जेसीबी

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर परवा परत तो व्हिडिओ आला, बोलिव्हियातल्या तिवानाकू या प्राचीन शहराचे दगड म्हणे परग्रहावरच्या लोकांनी कापले, आणि खाली नेहमीसारखे धडाधड अंगठे. अहो, दगड राहू द्या, तिथली साधी माणसं राहायची कुठं आणि खायची काय, ते बघा ना, ते त्या दगडांपेक्षा भारी आहे.

तिवानाकूजवळचं, बोलिव्हिया-पेरूच्या सीमेवरचं तितिकाका सरोवर ३,८१० मीटर उंचीवर, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या दुपटीहून वर. रात्री असं हिंव पडतं की बटाटा जागेवर करपून जातो. तर या लोकांनी काय केलं, काठच्या पाणथळीत चर खणले, निघालेली माती मधे टाकून उंच वाफे केले, चरातलं पाणी दिवसभर तापतं आणि रात्री ती ऊब सोडतं, पीक वाचतं. वारू वारू म्हणतात त्याला. पुरातत्त्वज्ञ क्लार्क एरिक्सन यांनी १९८० च्या दशकात पेरूत तिथल्या शेतकऱ्यांना बरोबर घेऊन असे वाफे परत करून बघितले. त्यांचं म्हणणं, हे गावागावातल्या कुटुंबांनीच मिळून केलं असणार. दुसरे पुरातत्त्वज्ञ अॅलन कोलाटा म्हणतात नाही, तिवानाकूच्या राजवटीनं करून घेतलं. (मी एरिक्सनच्या बाजूचा, पण मला विचारतंय कोण!)

आता याचा निकाल लागणार कशावर, तर खापरांवर. पुरातत्त्वाची माणसं रांगेनं शेतं तुडवत जातात, खापर दिसलं की ते कुठल्या काळातलं ते ओळखतात, नकाशावर टिंब देतात. वाफ्यांशेजारची वस्ती तिवानाकूच्या आधीची का नंतरची ते अशा टिंबांवरून कळतं. इ.स. १००० च्या पुढे तिवानाकू मोडलं आणि लोक डोंगरमाथ्यावर तटबंदी करून राहायला लागले, हेही असंच चालून चालून कळलंय.

मग आपल्याकडे काय? आपल्याकडे तर शब्दच तयार आहे, काळी कसायची आणि पांढरी राहायची. गावाबाहेर ते राखट पांढरं टेकाड असतं ना, ती शेकडो वर्षांची वस्ती. शिरूर तालुक्यात घोडच्या काठी इनामगावला डेक्कन कॉलेजच्या लोकांनी १९६८ पासून कित्येक वर्षं खोदलं, साधारण इ.स.पू. १६०० ते ७०० मधली घरं निघाली, सातू निघाला, पाण्याचा पाट निघाला. आणि आपण अशा पांढरीची माती खत म्हणून ट्रॉल्या भरभरून शेतात पसरतो, पूर्वी बैलगाडीनं निदान हळूहळू जायची, आता जेसीबी दोन दिवसांत टेकाड सपाट करतो.

उन्हाळ्यात उजनीचं पाणी उतरलं की पळसदेवचं देऊळ वर येतं, त्याचे फोटो तुम्ही छापता, छान असतात. तसाच एखादा फोटो पांढरीचाही छापा, आणि ग्रामपंचायतींना एवढंच विचारा की तुमच्या हद्दीत अशी टेकाडं किती आणि त्यातली शिल्लक किती.

माझ्या मामांच्या गावची गेली. ट्रॉलीतून सांडलेली सात खापरं मी उचलून आणली, बाल्कनीत बिस्किटाच्या डब्यात आहेत, एकावर काळ्या रंगाच्या रेघा आहेत, पण ती कुठल्या थरातली ते आता कुणीच सांगू शकणार नाही.

आपला,
एक जुना वाचक, कोथरूड, पुणे