प्रकल्प मार्गदर्शनाचे तास बिलात धरा

मा. उच्च व तंत्रशिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य यांस,

स.न.वि.वि.

मी नाशिकला पर्यावरणशास्त्रात एम.एस्सी. करते. शेवटचं वर्ष आहे. प्रकल्प गोदावरीवर घेतलाय. आनंदवल्ली, रामकुंड, तपोवन आणि दसक इथलं पाणी घ्यायचं आणि त्यातला विरघळलेला प्राणवायू मोजायचा.

हे काम कॉलेजच्या वेळेत होत नाही. पहाटे घाटावर उतरायचं, आत बुडबुडा राहू न देता बाटली भरायची आणि तिथेच काठावर रसायनं घालायची. साका तपकिरी झाला तर पाण्यात प्राणवायू आहे. तपोवनात पहिल्यांदा गेलो तेव्हा तो पांढराच राहिला. मला वाटलं, माझंच काहीतरी चुकलं. माझे प्रकल्प मार्गदर्शक सर शेजारी उकिडवे बसले होते. म्हणाले, "चुकलं नसेल गं. दुसरी भर, खात्री करू." दुसरीही पांढरीच.

हे सर तासिका तत्त्वावर आहेत. वर्गात घेतलेल्या तासाचे पैसे मिळतात, घाटावरच्या पहाटेचे नाहीत. बीओडीच्या, म्हणजे पाण्यातले जंतू घाण कुजवताना किती प्राणवायू वापरतात ते मोजायच्या बाटल्या २७ अंशांवर तीन दिवस ठेवतात. गुरुवारी ठेवल्या की रविवारी काढायच्या. रविवारी लॅब उघडायला सरच येतात, घोटीहून, स्वतःच्या खर्चाने.

नव्या शैक्षणिक धोरणात या प्रकल्पाला तिसऱ्या सत्रात ४ आणि चौथ्या सत्रात ६ श्रेयांक (क्रेडिट) आहेत. प्रात्यक्षिकाच्या हिशोबाने एका श्रेयांकाला ३० तास, म्हणजे ३०० तास झाले. माझ्या गुणपत्रिकेत हे सगळे दिसणार. सरांच्या बिलात मात्र त्यातला एकही तास नाही. त्यात वर्ग संपले की त्यांची बिलंही थांबतात, आणि प्रबंधाची प्रकरणं तपासायचं खरं काम तेव्हाच सुरू होतं. गेल्या वर्षीच्या मुलींची प्रकरणं त्यांनी अशीच, बिनपगारी, दोन-दोनदा वाचली.

साहेब, तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकांच्या बिलात प्रकल्प मार्गदर्शनाचे तास धरा आणि तोंडी परीक्षा होईपर्यंत त्यांची नेमणूक चालू ठेवा. २०२७ चा सिंहस्थ तोंडावर आहे. गोदावरीच्या पाण्याच्या नोंदी नाशिकला लागणारच आहेत, आणि त्या घ्यायला शिकवणारी माणसं इथे आहेत.

सरांना या पत्राची कल्पना नाही. त्यांचं आणि कॉलेजचं नाव मी मुद्दाम लिहिलेलं नाही, कारण जूनमध्ये त्याच जागेसाठी त्यांना पुन्हा मुलाखत द्यायची आहे.

आपली नम्र,
एम.एस्सी. द्वितीय वर्षाची एक विद्यार्थिनी, नाशिक