तुकोबांचं ‘उदास’ आणि तुझं

नाशिक,
आषाढ अखेर

चि. ओंकार,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर म्हणालास, “आई, मला आता पद नको, पगार नको, लग्न तर नकोच. चातुर्मास संपला की नर्मदा परिक्रमेला निघतो.” मी ‘बरं’ म्हणून फोन ठेवला, कारण कुकर शिट्ट्या देत होता आणि फोनवर मला पटापट सुचतही नाही. म्हणून लिहायला बसले.

परिक्रमेला माझा विरोध नाही. नर्मदा उजव्या हाताला ठेवायची, पात्र ओलांडायचं नाही, सदावर्तात मिळेल ते खायचं आणि अडीच हजारांहून जास्त किलोमीटर चालायचं, हे येरागबाळ्याचं काम नाही. मला खटकलं ते वेगळंच. मुख्य परीक्षेचा निकाल लागला सकाळी आणि तुला वैराग्य आलं संध्याकाळी. पावसाळ्यात एवढ्या वेळात आपल्याकडे दहीसुद्धा लागत नाही रे.

दुकानात गल्ल्याच्या वर एक पाटी आहे, तुला आठवत असेल. ‘जोडोनियां धन उत्तम वेव्हारें । उदास विचारें वेच करी ।’ लहानपणी तू विचारायचास, पैसे खर्च करताना उदास का व्हायचं? बाबा हसायचे आणि म्हणायचे, भांडी विकत घेणाऱ्यांना विचार. पण तुझा प्रश्न चांगला होता. तुकोबांचं ‘उदास’ म्हणजे तोंड पाडून बसणं नव्हे. वस्तू हातात आहे, तिची किंमतही ठाऊक आहे, पण जीव तिच्यात अडकलेला नाही, असा तो उदास. आपण तोच शब्द आता दुःखी माणसाला लावतो. तू आज उदास आहेस तो आपल्या अर्थाने. फक्त तुला वाटतंय की तुकोबांच्या अर्थाने.

सप्टेंबर २००८चा पूर तुला थोडाफार आठवत असेल. पितृपक्ष चालू होता. गंगेचं, म्हणजे आपल्या गोदावरीचं, पाणी भांडी बाजारात शिरलं आणि आपल्या दुकानातून तपेली, चरव्या अशा तरंगत निघाल्या की जणू स्वतःच पंचवटी बघायला चालल्यात. घंगाळी तेवढी राहिली जड म्हणून. उधारीच्या वह्यांचा लगदा झाला. कोणाकडून किती येणं आहे ते कायमचं गेलं; देणं मात्र लोकांच्या वह्यांत कोरडं होतं.

बाबा त्या दिवशी म्हणाले, “गंगेचं होतं, गंगेनं नेलं.” ऐकताना माझ्याही अंगावर काटा आला होता. दुसऱ्या दिवसापासून ते रामकुंडावर जाऊन बसायला लागले. सकाळी घाट, संध्याकाळी प्रवचन. नातेवाईक म्हणायचे, केवढी विरक्ती आली हो माणसाला! तीन आठवडे मी आणि तुझी आजी गाळ उपसत होतो. चिंच आणि राख लावून तांबं घासत होतो. बोटांच्या भेगांत चिंच गेली की डोळ्यांतून पाणी यायचं. दूधवाल्याला ‘पुढच्या महिन्यात’ मीच सांगत होते. त्यांच्या विरक्तीचं बिल माझ्या नावावर येत होतं.

हे तुला कधी सांगितलं नव्हतं. बाबांना विचारून लिहिते आहे. ‘लिही, खरंच आहे’ म्हणाले.

तेव्हापासून विठ्ठलपंतांची गोष्ट कीर्तनात ऐकली की माझं लक्ष रुक्मिणीबाईंकडेच जातं. बायकोचं मन न विचारता ते काशीला जाऊन संन्यासी झाले. त्या आळंदीला सुवर्णपिंपळाला प्रदक्षिणा घालत राहिल्या. ती परिक्रमाच की, फक्त तिला कोणी हार घातले नाहीत. गुरूंना खरं कळलं तेव्हा त्यांनीच विठ्ठलपंतांना संसारात परत पाठवलं. मग पुढचं सगळं माहीत आहेच: वाळीत टाकलेलं घर, चार मुलं, त्र्यंबकला ब्रह्मगिरीची प्रदक्षिणा, तिथे चुकामूक होऊन निवृत्तीला भेटलेले गहिनीनाथ. घरी परतवलेल्या संन्याशाच्या मुलाचं नाव निवृत्ती, आणि त्याच्या सांगण्यावरून धाकट्याने गीता मराठीत आणली. मला हे कोड्यासारखं वाटतं. सुटलं नाही तरी चालेल असं कोडं.

तू सध्या गीतेचा दुसरा अध्याय वाचतोस म्हणालास. त्यातला एकोणसाठावा श्लोक बघ. ‘विषया विनिवर्तन्ते निराहारस्य देहिनः’ इथवर सगळे खूश असतात. खायचं बंद केलं की विषय दूर जातात. पुढचा शब्द आहे ‘रसवर्जं’. गोडी सोडून बाकी सगळं जातं. गोडी तशीच मागे बसून राहते, आणि ती जाते त्याहून मोठं काही दिसलं तर. एकादशीला साबुदाण्याच्या खिचडीत दाणे कमी पडले म्हणून चिडणारी तुझी आई या श्लोकाची चालती-बोलती साक्षीदार आहे.

आता तू सगळं सोडलंस, पण परीक्षेचा विषय निघाला की तुझा आवाज बदलतो. तुझ्या मित्राचं नाव यादीत आलं, ते तू सांगितलं नाहीस. मला त्याच्या आईकडून कळलं. रस आहे, ओंकार. असू दे. लाज कसली त्याची?

इच्छा म्हणजे पाप, हे तुला कोणी शिकवलं मला कळत नाही. आपल्याकडे चार पुरुषार्थांत काम मोजला आहे, वगळलेला नाही. सातव्या अध्यायात देव स्वतः म्हणतो, ‘धर्माविरुद्धो भूतेषु कामोऽस्मि’. धर्माच्या आड न येणारी इच्छा ती मीच. आणि आपल्या महादेवाकडे बघ. मदनाला जाळून भस्म केलं आणि नंतर पार्वतीशी लग्न केलं, दोन मुलांचा संसारही मांडला. अंगाला राख आणि शेजारी बायको, दोन्ही एकाच वेळी. त्याला जमतं कारण तो देव आहे, हे मान्य. पण नमुना तोच ठेवलाय ना आपल्यापुढे?

बाबांचं पुढे काय झालं तेही सांगते. एक दिवस घाटावरून आले, मी बंब घासत होते, समोर बसले आणि एक कळशी ओढून घेतली. बोलले काही नाहीत. दुसऱ्या दिवशी शटर त्यांनी उघडलं. पण खरा फरक मला दिसला तो ऑगस्ट २०१९ला. गंगापूर धरणाचा विसर्ग वाढतोय असं कळल्यावर त्यांनी आणि दुकानातल्या पोरांनी रात्रभर माल माळ्यावर चढवला. हावरटासारखे उचलत होते, कळशीमागून कळशी. वह्या आधी. पहाटे पाणी पायरीला लागलं तेव्हा खाली बराच माल उरला होता. एकदा वळून बघितलं, कुलूप लावलं आणि घरी येऊन म्हणाले, “चहा टाक, आलं जास्त घाल.” त्या दिवशी दुतोंड्या मारुतीच्या डोक्यावरून पाणी गेलं. माणसाला दुतोंड्या म्हटलं तर शिवी होते. या मारुतीला मात्र अख्खं नाशिक पुराचं माप विचारतं.

त्या वेळी कोणी त्यांना विरक्त म्हणालं नाही. उलट एक जण म्हणाला, केवढा लोभी, रात्रभर भांडी उचलत होता!

तर तू परिक्रमेला जा किंवा जाऊ नकोस, परीक्षा पुन्हा दे किंवा देऊ नकोस. फक्त हे ठरवताना त्या यादीकडे पाठ फिरवून बसू नकोस. एकदा नीट बघ. हवं होतं, मिळालं नाही, वाईट वाटलं, असं मोठ्याने म्हण. माझ्यापाशी म्हण, नाहीतर त्या मित्रापाशी. आणि परीक्षेची पुस्तकं ज्युनिअरला वाटून टाकणार होतास ना? तूर्त वाटू नकोस. माळ्यावर जागा आहे.

श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी ब्रह्मगिरीच्या फेरीला मी जाते आहे. गुडघा कुरकुरतो, म्हणून सोबत हवी. रविवारी संध्याकाळच्या एसटीने त्र्यंबकला जायचं, कुशावर्तावर स्नान करून रात्रीच चालायला लागायचं. चिखल भरपूर असतो. नर्मदेच्या आधी एवढं चालून बघ. वाटेत बोललास तर बोल, नाहीतर नको.

येताना रेनकोट आण. मागच्या वर्षी माझा नेलास तोही.

तुझी,
आई