बाई, इंग्रजीचे काळ उलगडून दाखवल्याबद्दल

आदरणीय बाई,
सादर नमस्कार.

तुमचे आभार चारचौघांत मानावेत असं फार दिवस मनात होतं, म्हणून हे जाहीर पत्र. इंग्रजीचे काळ तक्त्यासकट पाठ असलेली माणसं पुष्कळ भेटतात. पण एक काळ सोडून दुसरा घेतला की वाक्य काय वेगळं सांगू लागतं, हे मला तुमच्याखेरीज कुणी दाखवलं नव्हतं.

तुम्ही फळ्यावर तीन वाक्यं लिहिली होतीत. 'व्हेन शी अराइव्ह्ड, वी लेफ्ट.' 'व्हेन शी अराइव्ह्ड, वी वेअर लीव्हिंग.' 'व्हेन शी अराइव्ह्ड, वी हॅड लेफ्ट.' आणि नियम न सांगता एवढंच विचारलंत: त्यांची भेट झाली का? पहिल्यात ती आली आणि मंडळी निघाली, कदाचित ती आली म्हणूनच. दुसऱ्यात निघता निघता गाठ पडली असावी. तिसऱ्यात ती पोचेपर्यंत सगळे गेलेले. माणसं तीच, क्रियापदही तेच, आणि तरी तीन निराळे प्रसंग!

यातलं 'हॅड' मराठी माणसाला हमखास चकवतं. 'काल मी बँकेत गेलो होतो' हे आपल्याकडे सरळ, पुरं वाक्य. तेच 'आय हॅड गॉन टू द बँक यस्टरडे' असं उतरवलं की ऐकणारा वाट बघत राहतो: बरं, मग? कशाच्या आधी? पूर्ण भूतकाळाला भूतकाळातल्याच दुसऱ्या घटनेचा आधार लागतो. ती बोलण्यात कुठेच नसेल तर साधं 'वेंट' पुरे. व्याकरणाची पुस्तकं हे सांगतात, पण चूक मराठीतून कुठून येते ते तुम्ही सांगितलंत.

'शी हॅज रिटन फोर नॉव्हेल्स' म्हटलं की लेखिका लिहिती आहे, पाचवी कादंबरी येऊ शकते. 'शी रोट फोर नॉव्हेल्स' म्हटलं की लेखन थांबलं, बहुधा लेखिकाही हयात नाही. लिहित्या माणसाच्या परिचयात हे दुसरं वाक्य छापून येणं, केवढा अन्याय तो!

मला सगळ्यात आवडला तो भूतकाळाचा दुसरा उपयोग. 'इफ आय न्यू हर नंबर', म्हणजे 'तिचा नंबर मला माहीत असता तर', यात गोष्ट आत्ताची, रूप मात्र भूतकाळाचं, कारण नंबर माहीत नाही. अंतर आहे ते वास्तवापासून. 'आय वॉन्टेड टू आस्क यू समथिंग' यात विचारायचं आत्ताच आहे, पण भूतकाळामुळे आग्रह उतरतो, समोरच्याला नाही म्हणायला जागा राहते. आपणही 'जरा विचारायचं होतं' म्हणतोच की! तुम्ही ते शेजारी लिहिलंत आणि वर्गातली इंग्रजीची अर्धी भीती तिथेच गेली.

आता तक्रारींना उत्तरं लिहिणं हेच माझं काम आहे. 'वी फिक्स्ड इट' लिहिलं तर दुरुस्ती केव्हातरी झाली एवढंच कळतं. 'वी हॅव फिक्स्ड इट' लिहिलं तर आता सगळं ठीक असल्याची हमी आपण घेतो. ती हमी देता येते का, हे आधी तपासतो आणि मगच 'हॅव' लिहितो. ही सवय तुमची, बाई. त्याबद्दल मनापासून आभार.

तुमचा विद्यार्थी