चौकाला फक्त दोन ओळी?

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

आधुनिक नगरभवनांच्या वास्तुरचनेवरील आपला लेख वाचला. मनोरे, काच, दर्शनी भाग यांवर भरपूर मजकूर; समोरच्या चौकाची मात्र दोन ओळींत बोळवण. खरे तर नगरभवनाची परीक्षा तिथेच होते. दाखला किंवा तक्रार घेऊन लोक येणारच, इमारत कशीही असो. ज्याचे आत काहीच काम नाही, तो घटकाभर टेकायला येतो का?

टोरंटोत येतो. १९५८च्या स्पर्धेत पाचशेहून अधिक प्रवेशिकांतून फिनलंडच्या विल्यो रेवेल यांचा आराखडा निवडला गेला. दोन वक्राकार मनोऱ्यांच्या कुशीतले बशीसारखे सभागृह छायाचित्रांत सगळ्यांनी पाहिलेले असते. पण गर्दी असते ती समोरच्या चौकात. तिथल्या उथळ हौदाचे हिवाळ्यात बर्फाचे मैदान होते आणि लहानथोर स्केटिंगला जमतात. १९६५ साली भवन खुले झाले, तेव्हा रेवेल हयात नव्हते.

त्याच दशकात बॉस्टनचे काँक्रीटचे भवन उभे राहिले. वास्तुतज्ज्ञांनी वाखाणले, गावाने नाक मुरडले. मला विचाराल तर इमारतीपेक्षा अंगणाचा दोष मोठा होता: विटांचे उघडेबोडके पठार, सावलीचा पत्ता नाही, वारा मोकाट आणि जागोजागी पायऱ्या. २०२२ मध्ये तिथे झाडे, बाके, मुलांना खेळायला जागा आणि चाकांची खुर्ची नेता येईल असा उतार झाला. वरचे काँक्रीट होते तसेच आहे.

लंडनचे २००२चे काचेचे भवन मला खटकते ते वेगळ्या कारणाने. सभागृहाच्या वर गोल चढत जाणारा उतार, म्हणजे नागरिकांनी वरून कारभार न्याहाळावा, ही नॉर्मन फॉस्टर यांची कल्पना देखणी. पण जागा भाड्याची, भोवतालचा परिसरही खासगी मालकीचा. वीस वर्षे भरण्याआधीच महापौरांच्या कार्यालयाने तिथून बिऱ्हाड हलवले.

पुढच्या लेखात मनोऱ्यांची उंची छापली नाहीत तरी चालेल. तळमजल्याचा नकाशा तेवढा द्या: बाके कुठे, सावली कुठे, आणि सुट्टीच्या दिवशी स्वच्छतागृह उघडे असते की कुलूप.

आपला,
एक नियमित वाचक