मेनू छापायला टाकण्याआधी

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

मेनूचा नवा मसुदा मिळाला. अक्षर सुबक आहे, कागदही चांगला निवडलास, पण एवढ्यात छपाईला टाकू नकोस. पदार्थांचा क्रम तू डिझायनरवर सोपवलास आणि कुठल्या प्लेटमागे तुझ्या हातात किती उरतं हे त्याला कळणार कसं? ते तुझ्याकडेही अजून लिहिलेलं नाही, आणि मला काळजी त्याचीच वाटते. सुरुवात वजनकाट्यापासून कर.

प्रत्येक पदार्थाचं एक कार्ड बनव आणि सगळे जिन्नस ग्रॅम किंवा मिलिलिटरमध्ये लिही. शेफला नेहमीच्या हाताने प्लेट बनवू दे, तू शेजारी काटा घेऊन उभा राहा. हिशेबात बाजारभाव धरू नकोस, साफ केल्यानंतर पडलेला भाव धर. १ किलो भाजी १०० ला आली आणि देठ-साल काढून ८०० ग्रॅम उरली, तर ती तुला १२५ ला किलो पडली. हाडासकट घेतलेल्या मांसात ही तफावत आणखी वाढते. सॉस आटतो, म्हणून १० लिटर चढवून ७ लिटर उतरला तर खर्चाला ७ ने भाग. तळणीचं तेल, सजावट, बिलात न लागणारी चटणी किंवा ब्रेड, पार्सलचा डबा, हे सगळं कार्डावर यायला हवं. बहुतेकांचा हिशेब इथेच गळतो, कारण एकेक रक्कम किरकोळ दिसते. विक्रीच्या किमतीतून कर मात्र आधीच वजा कर.

आता फूड कॉस्टच्या टक्केवारीबद्दल, म्हणजे विक्रीच्या किमतीत मालाचा वाटा किती त्याबद्दल. एक पदार्थ १०० ला विकला जातो, माल २५ चा. म्हणजे २५ टक्के. दुसरा २४० ला, माल ९६ चा. म्हणजे ४० टक्के. टक्केवारी बघणारा पहिल्याला जपेल. पण पहिल्यामागे ७५ उरतात आणि दुसऱ्यामागे १४४. भाडं आणि पगार या उरलेल्या रकमेतूनच द्यायचे असतात. टक्केवारी उधळमाधळ, चोरी किंवा वाढलेले पोर्शन पकडायला उपयोगी आहे, ती त्यासाठी ठेव. मेनूचे निर्णय प्लेटमागच्या शिल्लकीवर घे.

यासाठीची पद्धत मिशिगन स्टेट विद्यापीठाच्या कासावाना आणि स्मिथ यांनी १९८२ मध्ये मांडली आणि ती आजही कामाची आहे. बिलिंग मशीनमधून चार आठवड्यांची विक्री काढ. विभाग वेगळे ठेव. सूपची तुलना मुख्य पदार्थाशी केलीस तर सूप कायम हरणार. समज, मुख्य विभागात १२ पदार्थ आणि १,२०० प्लेटी गेल्या. सारखी वाटणी झाली असती तर प्रत्येकाच्या वाट्याला १०० आल्या असत्या. त्याच्या ७० टक्के, म्हणजे ७० प्लेटी, ही खपाची रेषा. दुसरी रेषा शिल्लकीची: सगळ्या प्लेटींची मिळून शिल्लक १,०८,००० असेल तर भागिले १,२००, म्हणजे प्लेटमागे ९०. बाराही पदार्थांच्या शिल्लकीची साधी सरासरी काढू नकोस, तिच्यात खपाचं वजन येत नाही.

या दोन रेषांनी चार गट पडतात. खपही आणि शिल्लकही जास्त, तो तारा. त्याची कृती, पोर्शन, जागा, कशालाच हात लावू नकोस. खप मोठा पण शिल्लक कमी, तो नांगराचा घोडा. हा गिऱ्हाईक दारात आणतो, म्हणून त्याची किंमत एकदम चढवणं धोक्याचं. आधी त्याच्या कार्डावर बघ: महागडी सजावट कोणी खातं का? सोबतचं परत येतं का? उष्ट्या प्लेटी आठवडाभर पाहिल्यास तर उत्तर मिळेल. मुख्य जिन्नस मात्र कमी करू नकोस, रोजच्या गिऱ्हाइकाला ते पहिल्या घासात कळतं.

शिल्लक भरपूर पण खप नाही, ते कोडं. बऱ्याचदा नाव कळत नाही किंवा वेटरने तो पदार्थ कधी चाखलेलाच नसतो. वेटरांना तो खायला घाल, जागा बदल, वर्णन नव्याने लिही. दोन्हींत मागे असेल तो काढायचा, पण घाई नको. तो महिन्यातले दहा दिवस 'संपला' म्हणून सांगितला जात होता का ते तपास. सहाजणांच्या टेबलावर एकालाच तो चालत असेल आणि तो नसला तर सहाही जण दुसरीकडे जात असतील, तर त्याला राहू दे. आणि फक्त त्याच्याचसाठी एखादा नाशवंत जिन्नस आणावा लागत असेल, तर खुशाल काढ.

चार गटांच्या या तक्त्याची एक उणीव ध्यानात घे. स्वयंपाकघरातला वेळ त्यात दिसत नाही. गर्दीच्या तासाला ग्रिल अडलेलं असतं. १२० शिल्लक देणारा पदार्थ त्यावर १२ मिनिटं घेतो आणि ९० देणारा ६ मिनिटं. मग त्या तासात दुसराच जास्त कमावतो, मिनिटाला १५ विरुद्ध १०.

किंमत बदलताना आधी कागदावर भागाकार कर. विक्रीची किंमत २००, माल ७०, शिल्लक १३०. किंमत १० ने वाढवलीस तर शिल्लक १४०. १३० भागिले १४०, म्हणजे सुमारे ९३ टक्के. १०० पैकी ७ ऑर्डरी गेल्या तरी तू तिथेच राहतोस. उलट २० ने उतरवलीस तर शिल्लक ११० आणि बरोबरीला यायलाच १८ टक्के जास्त विक्री लागते. सवलत जाहीर करण्यापूर्वी एवढं नक्की कर.

मांडणी आता सोपी जाईल. तुझ्या मसुद्यात किमती उजवीकडे एका रांगेत, ठिपक्यांच्या ओळीने जोडलेल्या आहेत. त्यामुळे नजर वरून खाली आकडेच वाचत जाते आणि स्वस्तावर थांबते. किंमत वर्णनाच्या शेवटी, त्याच अक्षरात लिही. चलनाचं चिन्ह काढावं का, हे तू विचारलं होतंस. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या संशोधकांनी २००९ मध्ये एका रेस्टॉरंटच्या दुपारच्या जेवणावर हे तपासलं. नुसता आकडा छापलेल्या मेनूवर लोकांनी जास्त खर्च केला. जागा एकच होती, त्यामुळे तुझ्याकडे तसंच होईल असं धरू नकोस, पण करून बघायला खर्च नाही. तेल अवीवमधल्या एका कॅफेत केलेला २०११ चा प्रयोग मला जास्त उपयोगी वाटतो: यादीच्या सुरुवातीला किंवा शेवटी ठेवलेला पदार्थ, मध्ये ठेवला असताना जितका खपला, त्याच्या दुपटीपर्यंत खपला. म्हणून प्रत्येक विभागात ही दोन टोकं तारे आणि कोड्यांना दे, घोडा मध्ये ठेव; त्याला लोक शोधून काढतात. पदार्थ उठून दिसावा म्हणून आखायची चौकट विभागात एकच. वर्णन दोन ओळींत, त्यात मुख्य जिन्नस, शिजवण्याची रीत आणि तिखटपणा. ॲलर्जी होऊ शकणारे जिन्नस स्पष्ट लिही, तिथे जागा वाचवू नकोस. मोबाइलवरच्या मेनूत पहिल्या पडद्यावर मावेल तेवढंच बहुतेकांना दिसतं, म्हणून तो क्रम वेगळा लाव. घरपोच ऑर्डरींचा तक्ताही वेगळा कर, कारण कमिशन गेल्यावर एखादा तारासुद्धा तोट्यात निघू शकतो.

पहिल्या खेपेला थोड्याच प्रती काढ. किंमत आणि जागा एकाच वेळी बदलू नकोस, नाहीतर फरक कशाने पडला ते कळणार नाही. चार आठवड्यांनी माणशी शिल्लक मोज. नुसता गल्ला वाढलेला दिसला तर थांबू नकोस, महाग मालाची विक्री वाढली तरी गल्ला फुगतो.

मुख्य विभागाची कार्डं झाली की मला पाठव. बाकीचे विभाग मागाहून आले तरी चालतील.

तुझाच,
मित्र