अण्णा, तुमच्यामुळं आमची लेबलं परत निघायला लागली

अण्णा, नमस्कार. त्या दिवशी फोनवर नुसतं थँक्यू म्हणून ठेवून दिलं, पण मनाला काय पटलं नाही, म्हणून इथं सगळ्यांसमोर लिहितोय. तुमचं नाव टाकत नाही, तुम्हाला आवडायचं नाही ते.

आमचं सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचं छोटं युनिट आहे. बारकोडची लेबलं ज्या कॉम्प्युटरवरून निघायची त्याचा मदरबोर्ड मे महिन्याच्या उन्हात गेला, हार्डडिस्क तेवढी चांगली राहिली. नवीन मशीन आणलं, त्यावर डेबियन १२ (लिनक्सचा एक प्रकार) टाकलं आणि तिथंच अडकलो, कारण लेबलचं सॉफ्टवेअर ज्यांनी दिलं होतं त्यांनी धंदाच बंद केलाय आणि त्यांची डेब फाईल, म्हणजे डेबियनवर सॉफ्टवेअर बसवायचं पॅकेज, असलेला पेनड्राइव्ह कधीचाच हरवलाय. पॅकिंगच्या टेबलावर १२०० टॉवेलचे गठ्ठे लागलेले, पुण्याच्या हॉटेलवाल्याचे रोज फोन, आणि लेबल नाही म्हणून माल हलत नाही. वडील तर जेवायलाही घरी जाईनात.

तुम्ही आलात, डिस्क यूएसबीला जोडली आणि म्हणालात, "फाईल हरवली म्हणजे सॉफ्टवेअर गेलं असं नाही बाबा, ते या डिस्कवर पसरून बसलंय, आपण फक्त गोळा करायचं." ते वाक्य ऐकून एवढं बरं वाटलं म्हणून सांगू!

कुठल्या पॅकेजनं कुठली फाईल कुठं ठेवली, बसवताना कुठली स्क्रिप्ट चालवली, याची सगळी नोंद डीपीकेजी, म्हणजे डेबियनमधला पॅकेज बसवणारा प्रोग्राम, ठेवतं हे मला माहीतच नव्हतं. जोई हेस यांनी लिहिलेलं डीपीकेजी-रिपॅक तीच नोंद वाचतं, फाईली उचलतं आणि परत डेब बांधून देतं. आमचं जुनं मशीन तर चालूच होत नव्हतं, पण रिपॅकला रूट म्हणून, म्हणजे सगळ्या फाईलींचं मूळ ठिकाण म्हणून, जोडलेल्या डिस्कचा फोल्डर सांगता येतो हे तुम्ही दाखवलंत. तुम्ही कीबोर्डला हातसुद्धा लावला नाहीत, सगळं माझ्याकडूनच टाईप करून घेतलंत, चुकलं की थांबून परत सांगितलंत.

पहिली डेब बसेना. प्रोग्रामला क्यूटी ४ च्या लायब्ररी (खिडक्या-बटणं दाखवायला लागणाऱ्या तयार फाईली) पाहिजेत आणि त्या डेबियन ११ पासूनच काढून टाकल्यात. माझा धीर सुटला होता खरं तर, पण तुम्ही शांतपणे म्हणालात, त्यापण जुन्या डिस्कवर आहेत की. मग एरर वाचायचा, नाव बघायचं, ते रिपॅक करायचं, असं एकेक करत सगळ्या जमवल्या, आणि प्रोग्राम उघडला तेव्हा लेबल ५० बाय २५ मिलीमीटर, मधला गॅप ३, सगळं आधीसारखं! कारण ईटीसी या सेटिंगच्या फोल्डरमधली आम्ही बदललेली फाईल रिपॅकनं आहे तशी आत घेतली होती. म्हणूनच ही डेब बाहेर कुणाला देऊ नको, त्यात आपल्या सेटिंग असतात, एखाद्यात पासवर्डपण असेल, आणि कुणी एखादी फाईल बिघडवली असेल तर तीपण तशीच जाते, हे तुम्ही दोनदा बजावलंत. होम फोल्डरमधली लेबलची डिझाइनं पॅकेजमध्ये येत नाहीत हेही तुम्हालाच आठवलं, नाहीतर मी डिस्क काढून कपाटात टाकली असती.

रात्री साडेनऊला पहिलं लेबल निघालं. वडिलांनी ते हातात घेऊन दिव्याखाली धरलं, फोननं स्कॅन करून बघितलं आणि मग तुमच्याकडे बघून हात जोडले. त्यांना बोलता येत नव्हतं त्या वेळी, म्हणून त्यांच्या वतीनं मी लिहितोय.

पैसे विचारले तर तुम्ही चहा मागितलात. सगळ्या डेब दोन पेनड्राइव्हवर ठेवल्यात, एक युनिटात, एक घरी, वर पॅकेजची नावं आणि तारीख चिकटवलीय. आणि त्या लॉटमधली टॉवेलची एक जोडी तुमच्यासाठी बाजूला काढून ठेवलीय अण्णा, तिला लेबल मी स्वतः लावलंय. रविवारी युनिट बंद असतं, तेव्हा घेऊन येतो.