ताई, तुम्ही सिगारेटचं विचारलंत म्हणून

ताई आणि संस्थेतले सगळे,
सप्रेम नमस्कार.

फोनवर आभार मानले की तुम्ही "अहो, त्यात काय एवढं" म्हणून विषय बदलता. म्हणून हे लेखी, आणि चारचौघांत.

२०२० च्या मार्चअखेर सगळं बंद झालं आणि आम्हा शुभंकरांची, म्हणजे रुग्णाची काळजी घेणाऱ्या घरच्यांची, शनिवारची सभाही बंद पडली. स्किझोफ्रेनिया असलेल्या घराला ती सभा किती लागते, हे बाहेरच्याला सांगून कळायचं नाही. कळव्यातलं आमचं दोन खोल्यांचं घर. आई, मी आणि धाकटा भाऊ. त्याचा दिवस आखलेला असायचा: दुपारपर्यंत तुमच्या डे-केअरला, मग तलावपाळीला चकरा, वाटेत टपरीवर सिगारेट, रात्री गोळ्या. त्यातलं गोळ्यांशिवाय काहीच उरलं नाही.

तुमचा फोन आला तेव्हा मला वाटलं, विचारपूस असेल. तुम्ही मात्र थेट विचारलंत, "क्लोझापिन किती उरलंय? मोजून सांगा." क्लोझापिन म्हणजे धाकट्याची स्किझोफ्रेनियावरची गोळी. मी डबा ओट्यावर उपडा करून गोळ्या मोजेपर्यंत तुम्ही फोन धरून होतात. दोन दिवसांहून जास्त खंड पडला तर हे औषध पुन्हा अगदी कमी डोसपासून चढवत न्यावं लागतं, हे मला तेव्हा कळलं. टेलिमेडिसिनची नियमावली नुकतीच आली होती, त्यामुळे डॉक्टरांनी व्हिडिओ कॉलवर बघून व्हॉट्सॲपवर चिठ्ठी पाठवली. पण आमच्याकडच्या केमिस्टकडे गोळ्याच नव्हत्या. मग तुमच्यातले एक दादा पास काढून स्कूटरवरून आले आणि पाकीट वॉचमनच्या टेबलावर ठेवून गेले. मास्क आणि हेल्मेटमधून त्यांचे फक्त डोळे दिसले. दादा, हे वाचत असाल तर तुम्हालाही नमस्कार.

एप्रिलमध्ये धाकटा दिवसदिवस झोपायला लागला. उशी लाळेने भिजायची, जीभ जड झाली होती. आई म्हणाली, कोंडून घातल्यासारखं झालंय, मन खचलं पोराचं. शेजारी म्हणाले, शांत आहे तर असू दे की! (शांत पेशंट सगळ्यांनाच आवडतो.) तुम्ही सगळं ऐकून घेतलंत आणि म्हणालात, "त्याला सिगारेट मिळतेय का?"

कुठून मिळणार? टपऱ्या बंद.

सिगारेटच्या धुरामुळे यकृत हे औषध भराभर निकालात काढतं. ओढणं एकाएकी थांबलं की तोच डोस अंगाला जास्त होतो. हे तुम्ही मला समजावलंत, आणि त्याच दुपारी डॉक्टरांशी बोललात. त्यांनी डोस कमी केला. हळूहळू धाकटा उठून बसायला लागला आणि एका सकाळी चहात साखर कमी म्हणून माझ्याशी कडाकडा भांडला. आई स्वयंपाकघरात तोंडाला पदर लावून हसत होती. पुढे टपऱ्या उघडल्या तेव्हाही फोन तुमचाच: "पुन्हा ओढायला लागला तर लपवू नका, लगेच कळवा."

पावसाळ्यात त्याला ताप आला. तेव्हा ताप म्हणजे कोरोनाच. तुम्ही म्हणालात, स्वॅब द्याच, पण सीबीसी, म्हणजे रक्तातल्या पेशींची तपासणीही करा, या औषधावर पांढऱ्या पेशी घसरू शकतात. दोन्ही रिपोर्ट चांगले आले.

ऑनलाइन सभांबद्दल लिहीत नाही. अर्धा वेळ "काका, तुमचा आवाज येत नाहीये" यातच जायचा, तरी एकही शनिवार चुकवावासा वाटला नाही.

त्या मार्चमध्ये आम्ही गॅलरीत उभं राहून थाळ्या वाजवल्या, डॉक्टर-नर्ससाठी. तेव्हा तुमच्यासारखे लोक कुणाच्या डोळ्यांसमोर नव्हते. आता सरकारचा १४४१६ हा मानसिक आरोग्यासाठीचा हेल्पलाइन नंबर आहे, २०२२ च्या ऑक्टोबरपासून. चांगलंच झालं, रात्री-अपरात्री कुणीतरी उचलतं. पण तिथे फोन आपण करायचा असतो. त्या वर्षी माझ्यात तेवढंही त्राण नव्हतं, आणि फोन तुम्ही करत होतात.

आईने तिच्या पेन्शनमधून चेक लिहिलाय, शनिवारी आणून देते. पावती तिच्याच नावाने फाडा, ती घरी आल्यावर मागून बघणार आहे.

तुमची,
धाकट्याची ताई, कळवा